सोळा जीबीचं पोतं आणि पुंजाराम मापाडी

भोकरदनच्या मोंढ्यात पुंजाराम मापाड्यांनी एकतीस वर्षं उभ्यानं वजनं केली आणि गेली सात वर्षं ते बसून करतात. मधल्या काळात बदल एवढाच झाला, की पोत्यातला मका, तूर आणि सोयाबीन गेलं आणि तिथं गाणी, फोटो, सातबारे आणि लग्नाचे व्हिडिओ आले. माल कोणताही असो, भरायच्या आधी तो तोलायचा, हा त्यांचा बाणा मात्र कायम आहे.

गुडघ्यांनी राजीनामा दिला त्याच सुमारास त्यांच्या सुनेनं, राजनंदिनीनं, बसस्टँडच्या मागं दुकान टाकलं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, मोबाइल दुरुस्ती, आणि पाटीवर सगळ्यात खाली, 'मेमरी कार्ड व पेनड्राइव्ह भरून मिळेल'. तिला एका लग्नाला जायचं होतं म्हणून ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, दोन दिवस काउंटरवर बसता का?" ती परत आली तेव्हा मामांनी घरून उशी आणून खुर्चीवर ठेवली होती. राजनंदिनी हुशार आहे. उशी आणलेला माणूस उठत नाही, हे तिनं त्याच क्षणी ओळखलं.

संगणकाची पुंजारामांना भीती वाटली नाही, कारण तो त्यांच्या दृष्टीनं काटाच होता. त्यांनी तिसऱ्या दिवशीच सगळी मापं आपल्या हिशेबात बसवून घेतली. केबी म्हणजे चिमूट. एमबी म्हणजे पायली. जीबी म्हणजे पोतं. टीबी म्हणजे मालानं भरलेला ट्रक, तो भोकरदनला अजून आलेला नाही, जालन्यापर्यंत आलाय असं ऐकतो. एवढ्या भांडवलावर ते गिऱ्हाईक सांभाळू लागले.

भरतीचा फॉर्म भरायला एक तगडा तरुण आला होता. फॉर्मवर लिहिलं होतं, फोटो पन्नास केबीच्या आत हवा. पुंजारामांनी त्याचा फोटो उघडून पाहिला, मग त्याच्याकडं पाहिलं.

"तुमचा चेहरा दोनशे दहा केबीचा भरून राह्यला," ते म्हणाले.

"मंग काय करायचं काका?"

"पन्नासात बसवायचा म्हणल्यावर काही तरी सोडावं लागंन. मिशी ठेवायची का कान, ते सांगा."

तरुणानं खरंच मिशीवर हात ठेवला. राजनंदिनी मागून आली, दोन बटणं दाबली आणि मिशी-कानासकट सगळा चेहरा अठ्ठेचाळीस केबीत बसवून दिला. पुंजाराम बराच वेळ त्या फोटोकडं संशयानं बघत होते. एकशे बासष्ट केबी गेले कुठं, हा प्रश्न त्यांनी दुपारी जेवतानाही विचारला.

हा प्रश्न त्यांच्या रक्तातला होता, आणि त्यामागं मोंढा होता. पूर्वी पोत्याचं वजन झालं, की कचरा, ओल, बारदान अशा नावांखाली किलो-दीड किलो वजा धरायची रीत होती. त्याला कडता म्हणत. शेतकरी बघत राहायचा आणि मापाड्यानं तोंडानं आकडा कमी सांगायचा. पुंजाराम तरुणपणी दोन वर्षं तसं सांगत राहिले. मग एका सकाळी कुणास ठाऊक काय झालं, त्यांनी काट्यावर जो आकडा होता तोच मोठ्यानं पुकारला, दिवसभर पुकारला. आडत्यानं त्यांना रागावून काही म्हटलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी मिरचीच्या काट्यावर धाडलं. आमच्या तालुक्यातली मिरची म्हणजे काय ते तिच्यापासून दहा फुटांवर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. पुंजाराम एक आख्खा हंगाम शिंकले. एक वजन पुकारायला त्यांना चार शिंका लागत. पण आकडा त्यांनी काट्यावरचाच सांगितला.

असा माणूस पेनड्राइव्ह विकायला बसला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याला दिसलं की वरच्या खोक्यावर सोळा जीबी छापलंय आणि संगणकाला लावल्यावर आत भरतात चौदा पूर्णांक नऊ.

"कडता," पुंजाराम म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. जुना शत्रू नव्या कपड्यात समोर आल्यावर होतो तसा.

राजनंदिनीनं त्यांना समजावलं, की मामा, कंपनी हजारानं मोजते आणि संगणक एक हजार चोवीसनं मोजतो. पुंजारामांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. मग स्वतःच्या हातानं पुठ्ठ्यावर लिहून काउंटरच्या मागं पाटी लावली: 'सोळाच्या पोत्यात चौदा पूर्णांक नऊच माल बसेल. कडता कंपनीचा आहे, दुकानाचा नाही. हुज्जत घालू नये.' सात वर्षांत कुणी हुज्जत घातली नाही. उलट गिऱ्हाइकांना ते पटकन पटायचं. आमच्याकडं कडता समजावून सांगावा लागत नाही.

गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास, संघपाल सर आपल्या आईला घेऊन दुकानात आले. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. आई कौसल्याबाई, वय अडुसष्ट, अंगानं काडी आणि जीभ तिखट.

"जय भीम, काका."

"जय भीम, सर. या. बाईंना खुर्ची दे गं राजनंदिनी."

"राहू द्या खुर्ची," कौसल्याबाई म्हणाल्या. "मोंढ्यात मी चाळणीवर होते तव्हा तुम्ही कुठं खुर्ची दिल्ती? मिरचीच्या काट्यावर शिंकणारे तुम्हीच न्हवं का, मापाडी भाऊ?"

पुंजाराम लाजले. त्यांना लाजताना पाहायची संधी क्वचित मिळते; कान आधी लाल होतात.

काम असं होतं. सरांचे वडील शिवाजी हे या भागातले नावाजलेले गायक. त्यांची गायन पार्टी तीस वर्षं भीमजयंतीच्या महिन्यात घरी झोपली नाही. नऊ वर्षांपूर्वी ते गेले आणि मागं उरल्या कॅसेटी, एकूण चोवीस. सरांनी जालन्याला एकाकडून त्या सगळ्या कॅसेटींचा आवाज मोबाइलमध्ये उतरवून घेतला होता. आता संभाजीनगरची एक संस्था गावोगावच्या अशा गायकांचा आवाज कायमचा जपून ठेवणार होती. संस्थेनं पोस्टानं एक फॉर्म आणि एक पेनड्राइव्ह पाठवला होता. नियम तीन. आवाज दाबून लहान केलेला चालणार नाही, मूळ हवा. दुसरा पेनड्राइव्ह चालणार नाही, आमच्याच पेनड्राइव्हवर द्यावा. एका पार्टीला एकच. संस्थेचा माणूस त्या दिवशी चार वाजता भोकरदनहून सगळ्यांचे पेनड्राइव्ह घेऊन जाणार होता. त्यानंतर नोंदणी बंद.

"किती माल हाये?" पुंजारामांनी विचारलं.

सरांनी मोबाइल पुढं केला. फोल्डरखाली लिहिलं होतं, पंधरा पूर्णांक छप्पन्न जीबी.

"आन् पोतं?"

"सोळाचं. बसतंय ना बराबर?"

पुंजारामांनी खुर्चीतून वळून मागच्या पाटीकडं बोट केलं. सरांनी पाटी वाचली. दोनदा वाचली. गणित शिकवणारा माणूस, वजाबाकी त्यांनी मनातच केली असावी, कारण चेहरा उतरला.

"म्हणजे पाऊण जीबीच्या आसपास बाहेर राहतंय."

"सहाशे साठ पायल्या," पुंजाराम म्हणाले. त्यांनाही बरं वाटत नव्हतं. "एक कॅसेट काढावी लागंन."

"साठ मिनिटांची काढून भागत नाही," सर म्हणाले. "तेवीस कॅसेटी साठच्या आहेत. एक नव्वदची आहे, ती काढली तर बसतं. पण ती…"

"ती माझी हाये," कौसल्याबाई म्हणाल्या. "काढा."

सरांनी मान खाली घातली. मग हळूहळू सगळं कळलं. तीस वर्षं कौसल्याबाई पार्टीत मागं उभं राहून झील धरत होत्या. नवरा पुढं, माइकपाशी. त्या दोन बायांबरोबर मागं. एका वर्षी इथंच, भोकरदनात, कार्यक्रमाच्या दिवशी शिवाजींचा घसा बसला. माणसं जमलेली, स्टेज बांधलेलं, बॅटरीवाला म्हणतोय माझे दिवे परत न्यायचेत. तेव्हा त्यांनी बायकोला पुढं ढकललं. कौसल्याबाईंनी दीड तास एकटीनं गायलं, त्यातली तीन गाणी त्यांनी स्वतः रचलेली होती आणि त्या दिवसापर्यंत फक्त चाळणीला ऐकवली होती. कुणीतरी ते टेप केलं. पुढच्या आठवड्यात शिवाजींचा घसा सुटला आणि त्या परत मागं गेल्या. तेवढी एकच कॅसेट.

"आई, असं नको. बाबांच्या साठच्या दोन काढू—"

"तुझ्या बाचं नाव हाये फॉर्मवर. लोक त्याला ऐकणार. मी काय, मधीच घुसल्ते दीड तास." त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला. "काढा भाऊ, जल्दी करा. चारला माणूस येणार हाये."

"भरून तर बघू आधी," राजनंदिनी म्हणाली.

"पोतं फाटल्यावर बघती का?" पुंजाराम म्हणाले. "दीड घंटा लागतो भरायला. शेवटी बसलं न्हाई तर पुन्हा भरायला टाइम कुठून आणायचा?"

पण त्यांचा हात चालेना. मोंढ्यातली जुनी सवय अशी, की माल काढायचा तर काढलेल्या मालाचं वजन वेगळं लिहायचं, म्हणजे नंतर कुणी म्हणू नये की जास्त काढला. म्हणून ते सुनेला म्हणाले, "मोबाइल काँप्युटरला लाव. बाईंची कॅसेट तेवढी तोलून दे. लिहून ठेवतो."

राजनंदिनीनं वायर लावली. पुंजारामांनी वहीत आधी मोबाइलवरचा आकडा लिहिला, नऊशे बावन्न एमबी. मग पडद्याकडं पाहिलं.

"किती म्हणती?"

"नऊशे आठ."

"दुसरी कॅसेट काढलीस."

"तीच आहे मामा. नाव वाचा. 'आई, भोकरदन'."

पुंजारामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मोबाइलवर नऊशे बावन्न, पडद्यावर नऊशे आठ. ते उठून उभे राहिले. गुडघे कुरकुरले, तिकडं त्यांनी लक्ष दिलं नाही.

"कापूस असता तर मी म्हणलो असतो, वाळला," ते म्हणाले. "मिरची असती तर म्हणलो असतो, सांडली. गाणं वाळतं का सर?"

"नाही वाळत."

"सांडलं?"

"वायरीतून कसं सांडेल काका?"

"मंग पोत्यात खोट न्हाई." त्यांनी पेन खाली ठेवलं. "काटे दोन हायेत."

झेरॉक्ससाठी थांबलेला एक गडीसुद्धा कागद हातात धरून पुढं सरकला.

एकच पोतं दोन काट्यांवर दोन वजनं दाखवत असेल तर पोत्याला बोल लावायचा नाही, हे मापाड्याला पहिल्या वर्षी शिकवतात. पुंजाराम एकतीस वर्षं हे जगले होते. आणि सात वर्षं ते मोबाइलच्या काट्यावर माल तोलून संगणकाच्या काट्यावरच्या पोत्यात बसवत होते.

"राजनंदिनी," ते म्हणाले, आणि आवाज जरा बारीक झाला होता, "सगळा माल याच काट्यावर तोल."

तिनं चोवीसही कॅसेटी एकदम निवडल्या. पडद्यावर आकडा आला: चौदा पूर्णांक चार.

"पोतं?"

"चौदा पूर्णांक नऊ."

"बसतंय," सर म्हणाले.

"थांबा," पुंजाराम म्हणाले. "ते खाली कंसात लांबलचक काय लिहिलंय?"

"ते बाइट आहेत मामा. सुटे."

"सुटे म्हणजे दाणे?"

"दाणेच समजा."

पुंजारामांनी पडद्याला नाक लावून दाणे मोजले. पेनड्राइव्हचे दाणे सोळाशे कोटी आणि वर काही लाख. गाण्यांचे दाणे पंधराशे पंचावन्न कोटी आणि वर काही लाख. मोबाइलवर पंधरा पूर्णांक छप्पन्न होते ते हेच, आणि खोक्यावर सोळा होते तेही हेच. हजारानं भाग दिला की एक आकडा, एक हजार चोवीसनं दिला की दुसरा. केबीला चोवीसचा फरक, एमबीला त्यावर पुन्हा, जीबीला त्यावर पुन्हा, म्हणून तो सोळात एक पूर्णांक एक होऊन बसला होता. दाणा एकही कमी नव्हता.

"म्हणजे खंडीसारखं झालं," ते स्वतःशीच म्हणाले. "दाण्याची खंडी वीस मणाची. रुईची खंडी तीनशे छप्पन्न किलोची. नाव एक, माप दोन. हे मला कुणी सांगितलं कसं न्हाई?"

"मी सांगितलं होतं मामा. सात वर्षांपूर्वी. हजार आणि एक हजार चोवीस."

"ते वरचे चोवीस मला आडत वाटली."

राजनंदिनी हसली नाही. तिनं ते संध्याकाळसाठी राखून ठेवलं.

"आन् हे बघ," पुंजाराम बोट लावून म्हणाले, "सोळाशे कोटींच्या वर काही लाख दाणे कंपनीनं जास्तच टाकलेत. सात वर्षं मी त्यांना चोर म्हणून राह्यलो. त्यांच्या मापाड्याचा हात सैल हाये, माझ्यापेक्षा." मग ते कौसल्याबाईंकडं वळले. हे वळणं त्यांना मिरचीच्या काट्यापेक्षा जड गेलं असावं. "बाई, कडता कंपनीचा न्हवता. माझा होता. तुमची कॅसेट मीच कापून राह्यल्तो."

कौसल्याबाईंनी त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं.

"कापली न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग शिंकल्यासारखं तोंड कशाला करता? भरा."

भरताना पुंजारामांनी एकच हट्ट धरला. कौसल्याबाईंची कॅसेट सगळ्यात आधी टाकायची. "काही उरायचंच असंल तर नवऱ्याचं उरंन," ते म्हणाले, "त्याच्या तेवीस हायेत." सरांनी आईकडं पाहिलं. आईनं काही ऐकलंच नाही असं दाखवत भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं.

दीड तास ती हिरवी पट्टी पुढं सरकत होती. संगणक मध्येच 'दहा मिनिटं उरली' म्हणायचा, मग विचार बदलून 'एक तास' म्हणायचा. पुंजाराम त्याला म्हणाले, तू आडत्याच्या गादीवर बसला असतास तर शोभला असतास. मध्ये एकदा लाइट गेली आणि इन्व्हर्टरनं धरलं. तेवढ्यात सगळ्यांचे श्वास मोजता आले असते. चहा दोनदा आला. तोवर फॉर्म भरायचा राहिला होता, आणि त्यात एक रकाना होता: 'एकूण आकार, एमबीमध्ये'. आता कुठल्या खंडीतल्या एमबीमध्ये, हे संस्थेनं लिहिलेलं नव्हतं. पुंजारामांनी तो प्रश्न सोडून दिला नाही. त्यांच्या सांगण्यावरून सरांनी रकान्यात लिहिलं, 'हजाराच्या मापानं १५,५५८, एक हजार चोवीसच्या मापानं १४,८३७, दाणे तेवढेच.' शेवटचे दोन शब्द सरांना खोडायचे होते. पुंजारामांनी खोडू दिले नाहीत.

पुढचा रकाना मुख्य गायकाचा. प्रत्येक कॅसेटीपुढं नाव लिहायचं होतं. सरांनी तेवीस वेळा वडिलांचं नाव लिहिलं आणि चोविसाव्या ओळीवर पेन आईच्या हातात दिलं. कौसल्याबाई प्रौढ साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकलेल्या. त्यांनी काउंटरवर कोपर टेकवून, अक्षर अक्षर वेगळं काढत आपलं नाव लिहिलं. रकाना अरुंद होता, शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं.

"बसलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"बसलंय," पुंजाराम म्हणाले. "रकान्याचं माप चुकलंय."

पावणेचारला पट्टी संपली. चोवीसपैकी चोवीस. चारला संस्थेचा माणूस आला, पिशवीत पेनड्राइव्ह टाकून संभाजीनगरच्या गाडीत बसला.

त्याच संध्याकाळी पुंजारामांनी जुनी पाटी काढली आणि नवी लावली. ती अजून तिथं आहे, कुणीही जाऊन वाचावी: 'सोळा म्हणजे सोळाच. मापं दोन आहेत, माल पूर्ण आहे. सात वर्षं कंपनीला नावं ठेवली, ती परत घेतली आहेत. ज्या काट्यावर पोतं, त्याच काट्यावर माल तोलून घ्यावा.' पाटी मोठी झाल्यानं मागचं चार्जरचं कपाट झाकलं गेलंय. राजनंदिनी म्हणते, असू द्या.

एप्रिल संपता संपता सर पुन्हा दुकानात आले, सोबत आई. संस्थेतून फोन आला होता आणि नीट ऐकू यावं म्हणून सरांनी तो दुकानात येऊन स्पीकरवर परत लावला. पलीकडून एक बाई बोलत होत्या. चोवीसही कॅसेटी पोहोचल्या, नोंद झाली. शिवाजींची गाणी उत्तम आहेत. पण विचारायचं होतं ते वेगळंच: चोविसाव्या नंबरच्या ज्या बाई आहेत, त्या अजून गातात का? त्यांची आणखी गाणी आहेत का? असतील तर आम्ही रेकॉर्डिंगचं सामान घेऊन भोकरदनला येतो.

सरांनी फोन आईपुढं धरला. कौसल्याबाईंनी घसा साफ केला, पदर नीट केला आणि फोनवर हात ठेवून हळूच मुलाला विचारलं, "किती वेळ गायचं म्हणून राह्यल्या?"

सरांनी विचारलं. पलीकडून उत्तर आलं, जितकं आठवेल तितकं.

कौसल्याबाई डोळे मिटून बोटांवर मोजू लागल्या. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली, पुन्हा पहिल्यावर आल्या. पुंजाराम काउंटरवरून वाकून ते मोजणं बघत होते. त्या तिसऱ्यांदा अंगठ्यावर आल्या तसं पुंजारामांनी फोनकडं तोंड केलं.

"बाई," ते संस्थेच्या बाईंना म्हणाले, "येताना पोतं बत्तीसचं आणा."